स्नायू बंद, माणूस जागा : मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातल्या फटीत औषधं काय करतात

1947 साली स्कॉट स्मिथ नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञानं स्वतःवर करून घेतलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुलीचं कुठलंही औषध न घेता त्यानं शिरेतून क्युरारे हे स्नायू लुळे पाडणारं विष टोचून घेतलं, आणि तेही श्वास बंद पडायला लागतं त्याच्या अडीच पट. हात गेले, पाय गेले, जीभ, पापण्या, शेवटी श्वासपटल. सहकारी हातानं पिशवी दाबून त्याला ऑक्सिजन देत होते. औषध उतरल्यावर त्यानं सगळं सांगितलं : कोण काय बोललं, कुठे टोचलं, किती दुखलं. एक क्षणही शुद्ध हरपली नव्हती.

हा प्रयोग करण्यामागे कारण होतं. क्युरारेनं माणूस निपचित पडतो, म्हणजे ते थोडीफार भूलही देत असावं, असं तोवर अनेक डॉक्टरांना वाटायचं. स्मिथच्या अनुभवानं ते कायमचं खोडून काढलं. आजही हा मुद्दा सर्वांना माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण तो ऑपरेशन थिएटरपुरता नाही. मण्यार चावलेलं पोर आणि फवारणीत विषबाधा झालेला शेतमजूर, दोघांचे प्राण याच एका गोष्टीवर अवलंबून असतात. स्नायू बंद पडले म्हणून माणूस गेला असं नाही. कुणीतरी त्याचा श्वास चालू ठेवला, तर तो परत येऊ शकतो.

हे कसं, ते कळायला एका अतिशय अरुंद फटीत डोकावावं लागेल.

बोट हलवायचं असेल तर मेंदूतून निघालेला संदेश पाठीच्या कण्यात येतो आणि तिथून एका लांब मज्जातंतूतून स्नायूपर्यंत पोचतो. हा सगळा प्रवास विद्युत स्वरूपाचा. पण मज्जातंतूचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं. दोघांमध्ये सुमारे 50 नॅनोमीटरची फट असते. आपल्या केसाच्या जाडीत अशा हजारभर फटी सहज मावतील. विद्युत संदेश ही फट ओलांडू शकत नाही, म्हणून तिथे रसायनाची मदत घ्यावी लागते.

मज्जातंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या तयार असतात. प्रत्येकीत ॲसिटिलकोलीन या रसायनाचे हजारो रेणू. संदेश टोकाशी पोचला की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि एका झटक्यात शंभरेक पिशव्या फटीत रिकाम्या होतात. पलीकडे स्नायूच्या पडद्यावर रिसेप्टर असतात. एका रिसेप्टरवर ॲसिटिलकोलीन बसायच्या दोन जागा. दोन्ही भरल्या तरच तो उघडतो, सोडियम आत येतं आणि स्नायूत नवा विद्युत संदेश सुरू होतो. मग आवरायचं काम. फटीतच ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे एन्झाइम असतं, ते सेकंदाला हजारो रेणू तोडतं. त्यामुळे मिलिसेकंदभरात फट स्वच्छ होते आणि पुढच्या संदेशाला मोकळी असते. तबलजीची बोटं ज्या वेगानं चालतात, तो वेग या सफाईशिवाय शक्यच नाही.

या व्यवस्थेत निसर्गानं भरपूर शिल्लक ठेवली आहे. गरजेपेक्षा कितीतरी जास्त रिसेप्टर असतात. सुमारे तीन चतुर्थांश अडवले जाईपर्यंत स्नायूची ताकद कमी झालेली दिसतच नाही, आणि नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं की तो जवळजवळ पूर्ण थांबतो. म्हणजे ‘काहीच झालं नाही’ आणि ‘सगळंच गेलं’ या दोन टोकांमध्ये फारसं अंतर नसतं. सर्पदंशाचा रुग्ण तासाभरापूर्वी बोलत होता आणि आता श्वास घेता येत नाही, असं घडतं त्यामागे हेही एक कारण आहे.

क्युरारे नेमकं या फटीत काम करतं हे शोधून काढलं फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांच्या टोकाला वनस्पतींपासून केलेलं क्युरारे लावत. बर्नार यांनी बेडकाच्या एका मागच्या पायाचा रक्तपुरवठा बांधून टाकला, मज्जातंतू मात्र मोकळा ठेवला, आणि मग शरीरात क्युरारे टोचलं. बांधलेल्या पायात विष पोचलंच नाही. त्याच्या मज्जातंतूला विजेचा झटका दिला की तो पाय आखडायचा. दुसऱ्या पायाच्या मज्जातंतूला कितीही झटके दिले तरी तो हलत नव्हता, पण त्याच पायाच्या स्नायूला थेट झटका दिला की टुणकन आखडायचा. म्हणजे स्नायू ठणठणीत होता. मज्जातंतूंचंही काही बिघडलं नव्हतं, कारण बांधलेल्या पायाचा मज्जातंतू धडापाशी विष मिसळलेल्या रक्तातूनच जात होता आणि तरी काम करत होता. बिघाड होता तो दोघांच्या भेटीच्या जागी. ॲसिटिलकोलीनचं नावही कुणाला ठाऊक नसताना, दोरा आणि बेडूक एवढ्यावर काढलेला हा निष्कर्ष आहे. शरीरशास्त्रात याच्याइतके नेटके प्रयोग फार थोडे असतील.

श्वासाचा धडा तर त्याहूनही आधी मिळाला होता. 1814 साली इंग्लंडमध्ये चार्ल्स वॉटर्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका गाढविणीला हेच विष दिलं. दहाएक मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. त्यांनी तिच्या श्वासनलिकेत छेद घेतला आणि भात्यानं हवा भरायला सुरुवात केली. दोन तासांनी तिनं मान वर केली. भाता थांबवला, तर ती पुन्हा कोसळली. मग आणखी दोन तास भाता चालला. ती वाचली आणि पुढे जवळपास पंचवीस वर्षं जगली. आजच्या अतिदक्षता विभागातलं व्हेंटिलेटर करतं ते हेच.

क्युरारे फटीत नेमकं काय करतं? एसटीच्या सीटवर आपण खिडकीतून रुमाल टाकतो, तसं. रुमाल स्वतः प्रवास करत नाही, पण जागा अडते. क्युरारेचा रेणू रिसेप्टरच्या जागेवर बसतो, रिसेप्टर उघडत नाही आणि ॲसिटिलकोलीनलाही बसता येत नाही. दोनपैकी एक जागा अडवली तरी पुरते. आज वापरली जाणारी व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम ही औषधं याच पद्धतीनं काम करतात. या सगळ्या रेणूंवर विद्युत भार असतो, त्यामुळे ते रक्तातून मेंदूत शिरूच शकत नाहीत. स्मिथ जागा राहिला तो यामुळे.

23 जानेवारी 1942 रोजी माँट्रियलमध्ये हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत शुद्ध केलेलं क्युरारे वापरलं आणि भूलशास्त्राचं रूपच बदललं. त्याआधी पोटाचे स्नायू सैल करायचे तर भूल इतकी खोल द्यावी लागे की हृदय आणि रक्तदाब धोक्यात येत. आता झोपेसाठी एक औषध, वेदनेसाठी दुसरं, स्नायूंसाठी तिसरं, अशी वाटणी झाली. फायदा मोठा, जबाबदारीही तेवढीच. झोपेचं औषध कमी पडलं आणि स्नायूंचं पुरेसं झालं, तर रुग्ण आतून जागा असूनही कुणाला सांगू शकत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया संपेपर्यंत डोक्याशी बसून असतो. ‘इंजेक्शन देऊन तो मोकळा झाला’ हा समज अजून बराच पसरलेला आहे, आणि तो पूर्ण चुकीचा आहे.

अडवलेली जागा सोडवायची कशी? एक उपाय म्हणजे प्रवाशांची गर्दी वाढवायची. निओस्टिग्मिन हे औषध सफाई करणाऱ्या एन्झाइमला काही काळ रोखतं. फटीत ॲसिटिलकोलीन साचत जातं आणि संख्येच्या जोरावर जागा परत मिळवतं. दुसरा उपाय अलीकडचा, सुगामॅडेक्स. साखरेच्या रेणूंचं हे कडं रक्तातच रोक्युरोनियमला पोटात घेतं, मग फटीतून उरलेलं औषधही बाहेर ओढलं जातं.

निओस्टिग्मिनच्या कुळाचा आणखी एक उपयोग लंडनच्या ग्रीनिचमधल्या एका डॉक्टरच्या चौकस नजरेमुळे सापडला. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रिसेप्टरवर हल्ला करते. सकाळी बरं वाटतं, पण दुपारपर्यंत पापण्या मिटायला लागतात, चावता चावता जबडा थकतो. 1934 साली मेरी वॉकर यांना ही लक्षणं क्युरारेच्या विषबाधेसारखी वाटली. मग क्युरारेवर उतारा म्हणून चालणारं फायसोस्टिग्मिन इथेही चालेल, असा सरळ विचार करून त्यांनी ते देऊन पाहिलं. रुग्णाच्या पापण्या उघडल्या. आजही या आजारात याच कुळातल्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या देतात.

आता आपल्या शिवारात येऊ. महाराष्ट्रात माणसं मारणारे मुख्य विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणस आणि फुरसं प्रामुख्यानं रक्त बिघडवतात. नाग आणि मण्यार मात्र याच फटीवर घाव घालतात, पण दोन वेगवेगळ्या बाजूंनी, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे.

नागाचं विष स्नायूच्या बाजूला, रिसेप्टरवर बसतं. म्हणजे क्युरारेसारखंच. मज्जातंतू शाबूत असतो, पिशव्या भरलेल्या असतात. त्यामुळे प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मिन दिलं तर अनेकदा गुण येतो. सोबत ॲट्रोपिन द्यावं लागतं, नाहीतर वाढलेलं ॲसिटिलकोलीन हृदयाचे ठोके मंदावतं.

मण्यारीचं विष मुख्यतः पलीकडून येतं. ते मज्जातंतूच्या टोकात शिरतं आणि टोकच उद्ध्वस्त करतं. पिशव्या संपतात, नव्या बनत नाहीत. रुमाल टाकलाय असं नाही, एसटीच सुटलेली नाही. इथे निओस्टिग्मिन वाढवणार काय? प्रतिविष रक्तात फिरणारं विष निकामी करतं, पण झालेली मोडतोड ते दुरुस्त करू शकत नाही. ती शरीर स्वतःच करतं, आणि त्याला काही दिवस, कधी आठवडेही लागतात. तेवढा काळ श्वास यंत्रानं चालवावा लागतो. म्हणून मण्यार चावली असेल तर प्रतिविष लवकरात लवकर मिळायला हवं, टोकं मोडायच्या आत.

अडचण अशी की मण्यार चावल्याचं कळतच नाही. ती रात्री फिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते. दात बारीक असतात, सूज जवळपास नाही, दुखत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, उलटी होते. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, बोलणं घोगरं होतं, लाळ गिळता येत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस सकाळी पोटदुखी आणि मिटत चाललेल्या पापण्या घेऊन उठलं, तर चावल्याची खूण शोधत बसायचं नाही. मांत्रिक नाही, दवाखाना, आणि तोही व्हेंटिलेटरची सोय असलेला.

अशा रुग्णाची अवस्था पुढे इतकी वाईट होऊ शकते की डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन प्रकाशाला दाद देत नाहीत, हातापायांत काडीची हालचाल नसते. पाहणाऱ्याला वाटतं, मेंदू गेला. प्रत्यक्षात तो आतून सगळं ऐकत असू शकतो, स्मिथ ऐकत होता तसं. अशी माणसं नंतर चालत घरी गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून सर्पदंशाच्या रुग्णावर आशा सोडायची घाई करायची नाही, आणि त्याच्या खाटेशी उभं राहून ‘आता काही राहिलं नाही’ असं बोलायचंही नाही. त्याच्याशी बोलावं, काय चाललंय ते सांगावं, झोपेचं आणि वेदनेचं औषध द्यावं.

तिसरी बाजू, सफाईची. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस वगैरे, ॲसिटिलकोलीनएस्टरेजला घट्ट जखडून टाकतात. निओस्टिग्मिन जे काही तासांसाठी करतं, ते ही विषं दिवसेंदिवस करतात. ॲसिटिलकोलीन सगळीकडे तुंबतं. लाळ, घाम, छातीत कफ, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या. स्नायूंवर पुन्हा पुन्हा संदेश आदळतात, म्हणून ते कातडीखाली आपोआप फडफडतात आणि नंतर थकून लुळे पडतात.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं रुग्णालयात गेले, वीसहून अधिक दगावले. औषधं वेगवेगळ्या गटांतली होती, अनेकदा एकत्र मिसळलेली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, उकाडा, घामानं भिजलेला सदरा, तोंडाला फार तर रुमाल. हे विष प्यावं लागत नाही, कातडीतून आणि श्वासातून आत जातं. मजुरीवर फवारणी करणाऱ्याला हातमोजे आणि मास्क देणं हे मालकाचं आणि व्यवस्थेचं काम आहे. त्याचा दोष मजुराच्या निष्काळजीपणावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

अशा विषबाधेत ॲट्रोपिन हा मोठा आधार. लाळ, कफ, मंदावलेलं हृदय ते सावरतं. पण स्नायूंवरचे रिसेप्टर वेगळ्या जातीचे, त्यांच्यावर ॲट्रोपिनचा काहीही परिणाम होत नाही. जखडलेलं एन्झाइम सोडवण्यासाठी प्रॅलिडॉक्झिम देतात, वॉर्डात त्याला ‘पॅम’ म्हणतात. त्याचा गुण विषाच्या प्रकारावर आणि किती लवकर दिलं यावर अवलंबून असतो. खरा दगाफटका पुढेच होतो. रुग्ण सावरला, बोलायला लागला, घरच्यांनी निःश्वास सोडला, आणि पहिल्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान श्वासाचे स्नायू अचानक ढेपाळतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 साली या अवस्थेचं नीट वर्णन केलं. तिची आधी मिळणारी खूण साधी आहे : रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही. दर काही तासांनी ‘मान उचला बरं’ एवढं सांगून पाहिलं, तरी धोका वेळेत कळू शकतो. म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणत दुसऱ्या दिवशी डिस्चार्जसाठी हट्ट धरू नये.

फटीच्या पलीकडे, स्नायूच्या आत काय होतं तेही थोडक्यात पाहू. स्नायूवर उठलेला विद्युत संदेश सूक्ष्म नळ्यांतून खोल आत जातो. तिथल्या कॅल्शियमच्या कोठाराची दारं उघडतात. कॅल्शियम बाहेर आलं की स्नायूतले दोन प्रकारचे तंतू एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखडतो. कॅल्शियम पुन्हा कोठारात खेचलं की सैल पडतो. काही कुटुंबांत ही दारं जन्मतःच सदोष असतात. एरवी काहीच जाणवत नाही, पण हॅलोथेन किंवा सेव्होफ्लुरेनसारखा भुलीचा वायू किंवा सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध मिळालं की दारं उघडीच राहतात. सगळे स्नायू एकाच वेळी पेटल्यासारखे काम करू लागतात, जबडा आवळतो, ताप भडकतो. मेलबर्नमध्ये 1960 साली पाय मोडलेला एक तरुण मोडक्या पायापेक्षा भुलीला जास्त घाबरत होता, कारण त्याचे दहा नातेवाईक भुलीत गेले होते. डॉक्टरांनी त्याचं ऐकून घेतलं, आणि हा आनुवंशिक दोष जगापुढे आला. यावरचं औषध डॅन्ट्रोलीन. ते त्या दारांवरच काम करतं.

कंबर आखडली म्हणून मिळणाऱ्या स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, टिझॅनिडिन, बॅक्लोफेन वगैरे, या फटीत येतच नाहीत. त्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात काम करतात, म्हणूनच त्यांनी झोप येते. त्या घेऊन गाडी चालवू नये. सुरकुत्यांसाठी घेतात ते बोटॉक्स मात्र फटीतलंच : पिशव्या फटीत रिकाम्या करणारं प्रथिन ते तोडून टाकतं, परिणाम तीन-चार महिने टिकतो. बाळंतिणीला झटके येऊ नयेत म्हणून देतात ते मॅग्नेशियम सल्फेटही जास्त झालं तर कॅल्शियमला आत येऊ देत नाही आणि पिशव्या उघडत नाहीत. नर्स दर डोसाआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाहते ती उगाच नाही. गुडघ्याचा झटका जातो तो श्वास जाण्याच्या आधी. तो गेला की पुढचा डोस थांबवायचा, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवायचं.

शस्त्रक्रिया संपल्यावर स्नायू खरंच परत आले का, हे पाहायची पद्धत बर्नारच्या बेडकासारखीच आहे. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला दोन चकत्या चिकटवून मज्जातंतूला दोन सेकंदांत चार हलके झटके देतात आणि अंगठा बघतात. औषध शिल्लक असेल तर पहिला झटका ठळक, दुसरा कमी, चौथा जेमतेम. चौथा पहिल्याच्या निदान नव्वद टक्के झाला, मगच घशातली नळी काढायची. नुसत्या नजरेला चौथा झटका सत्तर टक्क्यांवरही पूर्ण वाटतो, म्हणून मोजणारं यंत्र हवं. ते प्रत्येक थिएटरमध्ये असायलाच हवं, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

आणि तुमच्या बाजूनं करायची एक गोष्ट. भूल द्यायच्या आधी डॉक्टर विचारतात, ‘घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?’ याचं उत्तर घाईत ‘नाही’ देऊ नका, आत्या-मामांना फोन करून विचारा. सक्सिनिलकोलीन हे झटपट चढणारं औषध एरवी पाच-दहा मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं एक एन्झाइम ते तोडतं. काहींच्या रक्तात हे एन्झाइम जन्मतःच काम करत नाही, मग तेच औषध कित्येक तास टिकतं. मूळच्या आंध्र-तेलंगणातल्या आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि या समाजाची अनेक कुटुंबं नांदेड, चंद्रपूर या भागांत आहेत. दोष असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो, त्याला कसलाही उपचार लागत नाही. आधी सांगितलं तर डॉक्टर दुसरं औषध निवडतात. आधी कळलं नाही आणि शस्त्रक्रियेनंतर श्वास परत आला नाही, तर व्हेंटिलेटर चालू ठेवून, झोपेचं औषध सुरू ठेवून वाट पाहायची. औषध उतरतंच. नंतर रक्ततपासणीत दोष नक्की झाला की तो कागद जपून ठेवावा, आणि सख्ख्या भावंडांची तपासणीही करून घ्यावी.